आनंदीबाईंचा गुन्हा केवढा?

धारच्या किल्ल्यात खरबुजा महाल आहे. १७७५ च्या जानेवारीत तिथे दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. नवरा गुजरातेत, पुण्याचे कारभारी वैरी झालेले, आणि महालात बाळंत झालेली स्त्री कोण, तर मराठी इतिहासातली सर्वांत दुष्ट बाई म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती रघुनाथरावांची बायको आनंदीबाई. व्हिडिओ गेममधला महाखलनायक नेमका किती दुष्ट, यावर आजची मुलं तासन्‌तास वाद घालतात. त्यांना ते ठरवताही येतं, कारण गेम करणाऱ्याने त्याची सगळी पापं पडद्यावर मांडून ठेवलेली असतात. आनंदीबाईंचं पाप एकच सांगितलं जातं, आणि ते करताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. तरी अडीचशे वर्षं निकाल कायम आहे.

ज्या गुन्ह्याचा हा निकाल, तो घडला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात. पगार थकलेले गारदी शिपाई भरदुपारी शनिवारवाड्यात घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावं; खाजगीतला तुळाजी पवारही त्यांच्यात सामील होता. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा चुलत्याकडे धावला, त्याच्या कमरेला मिठी मारून जीव वाचवण्याची विनवणी करू लागला. चापाजी टिळेकर हा सेवक त्याच्या अंगावर आडवा पडला. दोघेही कापले गेले. चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबा तेव्हा वाड्यातच नजरकैदेत होते. १७६८ साली धोडपच्या लढाईत थोरल्या माधवराव पेशव्यांकडून हरल्यापासून बराच काळ त्यांच्या वाट्याला कैदच आली होती, आणि माधवराव गेल्यावर पेशवाई आपली, ही त्यांची जुनी आस होती. म्हणजे हेतू कोणाकडे होता, लाभ कोणाला झाला आणि खून कोणाच्या डोळ्यांदेखत झाला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसापाशी येतात.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तीही याच माणसाची. ते थेट राघोबांपुढे उभे राहिले आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही, असं सांगून पुणं सोडून गेले. मराठी न्यायाच्या इतिहासात याहून मोठा प्रसंग मला माहीत नाही. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर खुनी ठरवायचं आणि आपलं पद तिथेच ठेवून निघायचं! पण हा प्रसंग सांगताना आपण पुढचा प्रश्न विचारत नाही. शास्त्रीबुवांनी देहान्त सांगितला तो राघोबांना. मग लोकांच्या तोंडी गुन्हेगार म्हणून नाव बसलं ते आनंदीबाईंचं, हे कसं?

याचं उत्तर बरंचसं एका चिठ्ठीत आहे. राघोबांनी गारद्यांना पुतण्याला फक्त धरायला सांगितलं होतं आणि आनंदीबाईंनी चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’, म्हणजे ‘ध’चा ‘मा’ केला, ही गोष्ट मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात ती छापली गेली. डफ लिहितो ते नीट वाचायला हवं. चिठ्ठी बदललेली रामशास्त्र्यांना आढळली, असं तो सांगतो. ती आनंदीबाईंनी बदलली, हे मात्र तो सर्वांची तशी समजूत आहे म्हणून सांगतो. खून होऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली होती, आनंदीबाईंना जाऊनही तीसेक वर्षं लोटली होती. त्या समजुतीला जबाब देणारं कोणी उरलं नव्हतं. ती चिठ्ठी पुढे कोणी अभ्यासकांसमोर ठेवली नाही. एका न दिसलेल्या कागदावरच्या एका अक्षरावर एवढी मोठी शिक्षा दुसऱ्या कोणाला झाली असेल असं वाटत नाही.

ही समजूत इतकी का रुजली, याबद्दल माझं एक मत आहे. राघोबा हे अटकेपार झेंडे नेणाऱ्या मोहिमेचे सेनापती. १७५८ ची ती मोहीम मराठी मनाने सोन्याच्या चौकटीत ठेवली आहे. त्याच हातावर पोरक्या पुतण्याचं रक्त असावं, हे सोसवत नाही. चिठ्ठीची गोष्ट ते ओझं उतरवते. तिच्यात राघोबा भोळे, लोभी, बायकोच्या मुठीतले ठरतात, पण खुनी ठरत नाहीत. उरलेलं सगळं पाप कोकणातल्या मळणहून ओकांच्या घरातून आलेल्या दुसरेपणाच्या बायकोच्या पदरात पडतं. आणि बायकोने नवऱ्याला बिघडवलं हे ऐकायला आपल्या समाजाचे कान फार पूर्वीपासून तयार होते.

मग रंगभूमी आली. शिवराम महादेव परांजप्यांनी मॅकबेथचा ‘मानाजीराव’ केला, तेव्हापासून राज्याच्या हावेने नवऱ्याला खुनाकडे ढकलणारी स्त्री मराठी रंगमंचाला ठाऊक झाली होती. सुरतेला काँग्रेस फुटल्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ नाटक आलं. घर फुटलं की राज्य जातं, ही त्या काळाची खरी वेदना त्यात होती, आणि ती वेदना वाहायला आनंदीबाईंची भूमिका कामी आली. पुढे नानासाहेब फाटकांचे राघोबा आणि दुर्गाबाई खोट्यांची आनंदीबाई गाजली. त्याच दुर्गाबाई शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये लेडी मॅकबेथच्या वळणाची भूमिका करत होत्या. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात जागीरदार न्यायाधीश झाले आणि ललिता पवार आनंदीबाई. दोघांनीही जीव ओतून काम केलं. मोठे नट, मोठे नाटककार. पण त्यांच्या ताकदीमुळेच एका संशयाला चेहरा, आवाज आणि नजर मिळाली. आज आनंदीबाई म्हटल्यावर आपल्याला जी बाई दिसते, ती दफ्तरातून आलेली नाही, रंगमंचावरून आलेली आहे.

माझ्यापुरता मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, नवऱ्याला मसनद मिळावी म्हणून झटत होत्या, हे मानायला हरकत नाही. कट त्यांच्या कानावर असेलही. पण कानावर असणं आणि कलम हातात घेणं यांत न्यायाचं सगळं अंतर आहे. ते अंतर रामशास्त्र्यांनी पाळलं, आपण पाळलं नाही.

त्यांचा गुन्हा मोजताना धारची हकीकत कधी धरली जात नाही, आणि मला ती सर्वांत जास्त धरावीशी वाटते. पुण्याच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, उचल खाल्ल्यावर राघोबा उत्तरेकडे सरकले, माळव्यात आले आणि गरोदर आनंदीबाईंना धारमध्ये ठेवून स्वतः गुजरातेत इंग्रजांची मदत शोधायला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह करून साष्टी आणि वसई देऊ करणारे तेच. धारचे यशवंतराव पवार पानिपतावर पडले तेव्हा त्यांचा मुलगा खंडेराव अडीच वर्षांचा होता. म्हणजे आनंदीबाईंना आसरा देणारं हे संस्थान एका पोरवयाच्या धन्याचं होतं. पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्याच्यावर फौज घातली, मुलूख जप्त केला, आणि तो परत मिळाला तो आनंदीबाई व तान्हं मूल त्यांच्या हवाली केल्यावर. गुन्हा राघोबांचा, पाठलाग राघोबांचा, हाती लागली ती ओली बाळंतीण.

याच धारमध्ये पुढे तीसेक वर्षांनी असाच प्रसंग पुन्हा आला. १८०७ मध्ये आनंदराव पवार वारले, त्यांची पत्नी मैनाबाई गरोदर होती, आणि गादीवर डोळा ठेवून मुरारराव नावाचा दावेदार उठला. मैनाबाई मांडूला गेल्या, तिथे मुलगा झाला. मुराररावाशी झगडून त्यांनी त्या मुलाच्या नावाने दौलत राखली. तो मुलगा गेला तेव्हा बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन दौलतीचा निभाव केला. माळव्यातला इंग्रज अधिकारी माल्कम याने त्यांच्या धैर्याची तारीफ लिहून ठेवली. तारीफ योग्यच. पण मुलासाठी गादी धरून ठेवणं एका आईच्या बाबतीत शौर्य आणि दुसरीच्या बाबतीत हाव, हा हिशेब मला पटत नाही.

आरोप झालेल्या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं, हे दाखवणारं देवास तिथून फार लांब नाही. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार भावांनी तिथे राज्य वाटून घेतलं. थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात नांदल्या. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांच्याकडे १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर खाजगी चिटणीस होता. १९२७ मध्ये युवराज विक्रमसिंहराव देवास सोडून निघून गेला आणि वडिलांकडून विषप्रयोगाची भीती असल्याचा आरोप झाला. कर्जात बुडालेल्या तुकोजीरावांनी पुढे पाँडिचेरी गाठली आणि १९३७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. विक्रमसिंहराव पुढे शहाजी म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. ब्रिटिश अंमलदारांच्या लेखी तुकोजीराव एक बदनाम राजा म्हणून संपले असते. पण फॉर्स्टरने १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ प्रसिद्ध केलं आणि त्यांची भक्ती, प्रेमळपणा, अव्यवस्था, सगळं शेजारीशेजारी ठेवलं. वाचणाऱ्याला आरोपापलीकडचा माणूस भेटतो. आनंदीबाईंसाठी असं पुस्तक त्यांच्या काळात कोणी लिहिलं नाही, आणि नंतर जे नाटककार आले त्यांना खलनायिका हवी होती.

इंग्रजांशी झालेल्या सालबाईच्या तहानंतर राघोबा कोपरगावला येऊन राहिले आणि तिथेच गेले. तेव्हाही आनंदीबाई गरोदर होत्या. १७८४ मध्ये चिमाजी झाला. पुढे त्या पुण्याच्या पहाऱ्यात, मुलांसह, नाशिकजवळ गोदाकाठी आनंदवल्लीला राहिल्या. गावाला राघोबांनी त्यांचंच नाव दिलेलं आहे. १७९४ मध्ये त्या तिथे वारल्या आणि मुलांना जुन्नरला हलवून कैदेत ठेवलं गेलं. पुढच्या वर्षी पेशवे सवाई माधवराव गेले, आणि १७९६ च्या डिसेंबरात धारच्या किल्ल्यात जन्मलेला तो मुलगा पेशवा झाला.