ऋतुप्राप्ति आणि विवाहयोग्यता

मुलीस न्हाण आलें कीं ती संसारास योग्य झाली, हा समज आपल्या समाजांत इतका खोल रुजला आहे कीं, त्यास प्रमाण काय, असें विचारण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. जुन्या काळीं शास्त्रीमंडळींनीं या समजास धर्माचा आधार दिला आणि युरोपांतील पंडितांनीं सूर्याचा. उष्ण देशांत मुली लवकर वयांत यावयाच्याच, तेव्हां तेथें लवकर लग्नेंही व्हावयाचींच, असा हा दुसरा युक्तिवाद होता. या आधारांत कितपत तथ्य आहे, तें आज पाहूं.

माँतेस्क्यू या फ्रेंच ग्रंथकारानें १७४८ सालीं असें लिहून ठेविलें कीं, उष्ण प्रदेशांतील मुली आठव्या, नवव्या किंवा दहाव्या वर्षींच विवाहयोग्य होतात. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मँचेस्टरचे शस्त्रवैद्य जॉन रॉबर्टन यांनीं देशोदेशींची माहिती जमवून हें मत खोडून काढिलें, आणि हिंदुस्थानांतील बालविवाहाचें कारण हवा नसून रूढि आहे, असें स्पष्ट सांगितलें. तथापि रूढीस शास्त्राचें सत्य लवकर ऐकूं येत नाहीं. नवऱ्याच्या बळजबरीनें फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी प्राणास मुकली. त्याचा खटला १८९० सालीं कलकत्त्यास चालला. १८९१ सालीं संमतिवय १० वरून १२ वर आणणारा कायदा झाला, तेव्हां सनातनी पक्षाची मुख्य तक्रार हीच कीं, बाराव्या वर्षाआधीं ऋतु आल्यास गर्भाधानाचा संस्कार चुकेल!

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहावें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेंत मुलींस सरासरीनें सोळाव्या-सतराव्या वर्षीं ऋतु येत असे; विसाव्या शतकाच्या मध्यास तोच १३ व्या वर्षाच्या सुमारास येऊं लागला. या शंभर वर्षांत नॉर्वे कांहीं विषुववृत्ताकडे सरकला नाहीं. बदललें तें ताटांतील अन्न, घटलें तें आजारपण. अंगांत पुरेशी चरबी सांठली म्हणजे तिच्यांतून निघणारें लेप्टिन नांवाचें द्रव्य मेंदूस तशी वर्दी देतें, आणि मग पुढील चक्र सुरू होऊं शकतें. आईस ऋतु लवकर आला असेल तर मुलीसही बहुधा लवकर येतो, हा आनुवंशिकतेचा भाग. उलट उपासमार, दीर्घ दुखणें किंवा अतिश्रम यांनीं तो लांबतो.

हवामानाच्या सिद्धांतास सर्वांत मोठा धक्का मात्र थंड स्वीडननें दिला आहे. भारतांतून तेथें दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचें ऋतुप्राप्तीचें मध्यमवय ११.६ वर्षें भरलें; स्वीडिश मुलींचें १३ च्या आसपास होतें. भारतांतील सुखवस्तु घरांतल्या मुलींपेक्षांही या मुली लवकर ऋतुमती झाल्या! बालपणीं झालेली आबाळ आणि त्यानंतर लाभलेलें भरपूर अन्न, या झपाट्याच्या पालटाशीं अभ्यासक त्याचा संबंध जोडितात. सूर्याचा त्यांत कांहीं हात दिसत नाहीं.

यावरून निघणारा निष्कर्ष आमच्या वाचकांनीं नीट मनांत धरावा. जी मुलगी चांगली पोसली जाते तिला ऋतु लवकर येतो. मग ऋतु हेंच लग्नाचें माप मानिलें, तर मुलीस पोटभर जेवूं घालणाऱ्या बापानें तिची शाळा आधीं सोडवावी, आणि उपाशी ठेवणाऱ्यानें ती दोन वर्षें अधिक चालवावी, असा न्याय होईल! शिवाय ऋतु ही वाढीची समाप्ति नव्हे. त्यानंतरही उंची वाढते. कटीचीं हाडें तर कित्येक वर्षें रुंदावत असतात. पहिल्या एक-दोन वर्षांत पाळी अनियमित असते व पुष्कळदां बीजही सुटत नाहीं. अशा अपुऱ्या देहावर मातृपद लादणें म्हणजे प्रसूतींत आई आणि मूल दोघांचाही जीव धोक्यांत घालणें होय.

१९७८ सालच्या दुरुस्तीनें मुलीच्या लग्नाचें वय १८ झालें. असें असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें २२ टक्के स्त्रिया त्यापूर्वींच विवाहित झालेल्या आढळल्या. फुलमणीच्या खटल्यास सव्वाशें वर्षें उलटून गेल्यावरची ही गोष्ट आहे! आज धर्मशास्त्राचें नांव फारसें कोणी घेत नाहीं; दारिद्र्य, हुंडा आणि मुलीच्या अब्रूची धास्ती हींच कारणें पुढें केलीं जातात. परंतु स्थळें पाहण्याचा मुहूर्त मात्र पुष्कळ घरांत अद्यापि ऋतूच ठरवितो.

तेव्हां आईबापांस आमचें सांगणें एवढेंच. आठव्या वर्षाच्या आंत वयांत येण्याचीं चिन्हें दिसलीं, किंवा पंधरावें संपूनही ऋतु आला नाहीं, तर मुलीस वैद्यास दाखवावें. एरवीं मुलगी अकराव्या वर्षीं ऋतुमती होवो कीं चौदाव्या, तिला कपडा, पाणी, पौष्टिक अन्न आणि धीराचे दोन शब्द द्यावे. आणि दुसरे दिवशीं दप्तर देऊन शाळेंत पाठवावें.