कोतवाल बुकातले आपले पूर्वज

सिहोऱ्यात संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या हातात कवितेची वही क्वचित असते. बहुधा असते ते जात पडताळणी समितीचे पत्र : १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा सादर करा. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, वकील नाही. पण गेली काही वर्षे सवड मिळेल तेव्हा अभिलेखागारात बसून दुसऱ्यांचे आजे-पणजे शोधण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. त्यातून जे कळले ते कार्यकर्त्यांच्या आणि शिक्षकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

जातीच्या दाखल्याचा आणि पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ पासून अंमलात आहे. त्यात जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. पुरावा कोणता? जमिनीचा कागद, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, नोकरीतली नोंद. आता ज्या घरात १९५० पूर्वी जमीन नव्हती, शाळा नव्हती आणि नोकरी म्हणजे मालगुजाराच्या वाड्यावरची राबणूक होती, त्या घराने हे कागद आणायचे कुठून? ज्या व्यवस्थेने कागदापर्यंत पोचू दिले नाही, तीच आता कागद मागते.

बौद्धांची अडचण आणखी एका पेचाची आहे. १९५६ नंतर अनेक बापांनी मुलांच्या नावापुढे अभिमानाने 'बौद्ध' लिहिले. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या खऱ्या, पण त्यासाठी धर्मांतरापूर्वीची जात दाखवावी लागते. आजोबांनी जो शब्द फेकून दिला, तोच नातवाला जुन्या दप्तरात शोधत बसावे लागते. हा अपमान आहेच. पण त्यापायी एखाद्या मुलीची जागा जाणार असेल, तर अपमान गिळून शोधावेच लागते.

अशा वेळी उरतो तो एक कागद : कोतवाल बुक. मध्यप्रांतात गावच्या जन्ममृत्यूची खबर कोतवाल पोलीस ठाण्यावर नेत असे, आणि आपल्या भागात हा कोतवाल बहुधा महारच असे. स्वतःला अक्षर येत नसल्याने तो वही दुसऱ्याकडून लिहवून घेई आणि ऊनपावसात ती वाहून नेई. साऱ्या गावाच्या वंशावळीचे ओझे ज्याने वाहिले, त्याला तिच्यातली एक ओळही वाचता येत नव्हती.

ही वही वाचायची एक रीत आहे. नवखा माणूस आजोबांचे नाव शोधतो आणि हात हलवत परततो. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुतेक वेळा नसतेच. बापाचे नाव, जात, गाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढेच. आडनाव क्वचित. 'सोमा वल्द लहानू महार' अशी ओळ भेटते. म्हणून गाव, अंदाजे साल आणि पणज्याचे नाव, या क्रमाने जावे. जन्म सापडला नाही तर मृत्यूच्या नोंदी बघाव्यात, आजोबांच्या भावांच्या नोंदी बघाव्यात. बापाकडच्या रक्ताच्या नातलगाची जात रीतसर वैध ठरली असेल, तर त्याचा आधार अर्जदाराला मिळायला हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले आहे. इंग्रजी अमदानीच्या अखेरीस जिल्ह्यात भंडारा, गोंदिया, साकोली या तीनच तहसिली होत्या, हेही ध्यानात ठेवावे. आजच्या तालुक्याच्या नावाने शोधणारा चुकतो. बालाघाटकडून आलेल्या घरांना 'तुम्ही परराज्यातले' असे ऐकावे लागते. त्यांनी सांगावे की १९५० साली बालाघाट आणि भंडारा एकाच मध्यप्रदेशात होते. ही सरहद्द १ नोव्हेंबर १९५६ ची.

माझ्या स्वतःच्या आजोबांची नोंद मला अशीच सापडली. पणज्याचे नाव, जात, आणि पुढे 'मुलगा १'. माझा आजा म्हणजे हा 'एक'. पणजीचे नाव कुठेच नाही. समितीपुढे शपथेवर द्यायची वंशावळही पुरुषांचीच. बायका त्या वहीत केवळ बाळंत होतात.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचीही हीच कथा आहे. तिथल्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वय, लिंग आणि वर्ण यांनी मोजदाद झाली, नावे लिहिली नाहीत. बहुतेकांची नावे प्रथम १८७० साली आली. मुक्त गुलामांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे कागद पडून होते. २०१५-१६ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी ते वाचून नावांची सूची केली आणि ती कुणालाही फुकट बघता येते. आपल्याकडे १९७७ पासून युटाच्या वंशशास्त्र संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली. पण पंड्याच्या वहीत यायला आधी तीर्थाला जाण्याची ऐपत आणि पंड्याच्या ओट्यावर चढण्याची मुभा लागते.

आपले सरकार हे काम करू शकत नाही असे नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदींसाठी राज्यभरची दप्तरे उघडली, मोडी वाचणारे बसवले, कोट्यवधी कागद तपासले. लाखो नोंदी निघाल्या आणि त्यांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. कुणब्यांना त्यांचा कागद मिळाला, याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पानावर वरखाली महाराची, ढिवराची, गोवाऱ्याची ओळ होती. पान उघडलेच होते, तर तीही का उतरवून घेतली नाही?

अर्थात सगळ्या वह्या सगळ्यांपुढे उघड्या टाका, असे मी म्हणणार नाही. शहरात खोली भाड्याने देणारा घरमालक आडनावावरून जात हुंगतो. त्याच्या हाती आपण आणखी एक साधन का द्यावे? गाव-सालाची सूची तहसिलीत सर्वांना खुली असावी, वहीचे पान मात्र वंशजाने मागितल्यावर, नाममात्र शुल्कात मिळावे. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने नोंद शोधण्याचा आणि उतारा मागण्याचा हक्क दिलेलाच आहे. जुन्या वह्यांना तोच न्याय लावावा. त्या वह्यांची पाने बोट लावताच तुटतात, तेव्हा घाई करायला हवी.

तोवर माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी घरी परत पाठवतो. आजी जिवंत असेल तर तिच्याजवळ बसा, सासऱ्याचे नाव विचारा, त्याच्या भावांची नावे विचारा, गाव कधी सोडले ते विचारा. आणि तिच्या आईचे नावही लिहून आणा. समिती ते मागत नाही. मी मागतो.