देऊळ टिकेल, पण औंढ्याचं काय?

औंढ्याला गेलात की मोबाइल आधी कुठे वळतो? नागनाथाच्या भिंतीवरच्या शिल्पांकडे. वळणारच! खालचं काळ्या दगडातलं कोरीव काम यादवकाळातलं, वरचं शिखर नंतरचं आणि गाभाऱ्यात उतरायला एवढीशी वाट. फोटो झाला, स्टेटसला गेला.

आता कॅमेरा जरा मागे घ्या. नंदी कुठाय? एरवी तो शिवलिंगासमोर असतो, इथे देवळाच्या मागे. त्याची गोष्ट आजीकडून ऐकली असेलच. नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं! ही गोष्ट कळायला देवळामागची मोकळी जागा लागते. उद्या तिथे पत्र्याचं शेड आलं, तर पोरांना काय दाखवाल?

आणखी मागे या. नामदेव कयाधूकाठच्या नर्सीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढ्यात, असं परंपरा सांगते. देऊळ, नदी, गाव, वाट, बारव, बाजार आणि जत्रा हे सगळं मिळून एकच चित्र आहे. त्याला म्हणतात 'सांस्कृतिक भूदृश्य'. युनेस्कोनं १९९२ मध्ये जागतिक वारशात त्याला वेगळं स्थान दिलं. २०११ मध्ये तर ऐतिहासिक शहरांसाठी शिफारसच केली, की सुट्या इमारती नकोत, अख्खं शहर बघा. माणसं आणि त्यांचे रोजचे व्यवहारही त्यात आले.

हिंगोलीचा दसराच घ्या ना. दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा. तिथे जपायची वास्तू कुठली? वास्तू नाहीच, मैदान आहे! रामलीला मैदान आक्रसलं, तर दसरा कॅलेंडरमध्ये राहील, गावात नाही.

कायदा आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण असतं. पण ज्या बारवेचं, वाड्याचं, पाराचं नाव कुठल्याच यादीत नाही, त्यांचं काय? मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. तिच्यात इमारतींसोबत परिसर आणि निसर्गस्थळंही धरली होती. लहान गावांत घोडं अडतं ते यादीपाशीच. नाव नाही, म्हणून जेसीबीला अडवायला कागद नाही.

आणि बदल तर दारात उभा आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडिया येतंय. गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जगभरचे शास्त्रज्ञ येतील, लॉज होतील, रस्ते रुंद होतील. व्हायलाच हवेत, पोरांना कामं मिळतील. पडक्या वाड्यात राहणाऱ्याला 'वारसा जपा' म्हणणं सोपं आहे, पण छत गळतं त्याचं आणि खर्चही त्याचाच. म्हणून काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे काम सुरू होण्याआधी ठरायला हवं. रुंदीकरणाची खूण भिंतीवर आल्यावर नाही.

मग तुम्ही काय कराल? सुट्टीत चार दोस्त जमवा. गावातली प्रत्येक बारव, पार, वेस, जुना वाडा, जत्रेची वाट मोबाइलच्या नकाशावर टाका. फोटो काढा, मोजमाप घ्या. म्हाताऱ्यांना विचारा, 'पाणी कुठून भरायचे? पालखी कुठून जायची?' आणि ते रेकॉर्ड करा. महाराष्ट्र बारव मोहिमेनं हेच केलं. लोकांनी बारवा शोधल्या, गाळ काढला, महाशिवरात्रीला त्यांत दिवे लावले.

यादी झाली की ग्रामसभेत मांडा, नगरपंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या. ती पोच जपून ठेवा. उद्या आराखडा आला, की 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं कुणाला म्हणता येणार नाही.