'माजी' सैनिक म्हणजे कोण?

माजी सैनिकाने नागरी जीवनात काही मिळवलं की आपण चटकन म्हणतो, 'लष्करी शिस्त!' मला हे उत्तर आळशी वाटतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर घ्या. लष्करात ते बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. आता बॉक्सरचा अर्धा खेळ पायांवर असतो. इथे सगळी मदार हातांवर. म्हणजे नुसती जुनी शिस्त पुरली नसती, शरीर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. १९७२, हायडेलबर्ग पॅरालिम्पिक, ५० मीटर फ्रीस्टाइल: भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. शेहेचाळीस वर्षं! सैनिक आपल्याला रणांगणावरच ओळखू येतो. हा तलावात जिंकला, तो दिसलाच नाही.