बाबागाडी विकताना

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून बाबागाडी खाली येते. सोबत तान्ह्या बाळाला निजवून न्यायचा कॅरीकॉटही असतो. बाळ एव्हाना शाळेत जायला लागलेलं असतं. आपल्याकडे पाळणा सहसा कुणी विकत नाही. तो बहिणीकडून जावेकडे, तिथून भाचीकडे जातो. बाबागाडी महागाची वस्तू, ती विकायला हरकत नाही. पण भाव मोठी माणसं करतात आणि बसायचं असतं बाळाला. त्याला तक्रार सांगता येत नाही.

छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने तयार केली. सोय मोठी झाली, पण घडी आली तशी बिजागरीही आली. २००९ साली मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत विकलेल्या सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीची झाकणं द्यावी लागली. गाडी उघडताना १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याची नोंद झाली होती. म्हणून गाडी उघडताना आणि मिटताना बाळ दूरच हवं.

विकण्याआधी गाडी चार-पाचदा उघडून मिटवून पाहा. उघडल्यावर खटका पक्का बसला पाहिजे. मग आसनावर दहा किलो ज्वारीची थैली ठेवा, उतारावर ब्रेक लावा. गाडी जागची हलता कामा नये. पट्ट्याचं कुलूप जोरात ओढून बघा. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. टिनाखाली दोन उन्हाळे काढलेलं प्लॅस्टिक वरून चांगलं दिसतं, पण हातात तडकतं. चाकांचं रबरही तसंच.

कॅरीकॉटचा तळ सपाट आणि टणक हवा, मुठी मजबूत हव्यात. बाळ आधाराशिवाय बसू लागलं किंवा हातागुडघ्यांवर उठू लागलं, की त्याचा उपयोग संपला. हे घेणाऱ्याला आवर्जून सांगा. कापड धुऊन, कडक उन्हात वाळवून द्या. माहितीपत्रक जपून ठेवलं असेल तर तेही द्या. किती वजनापर्यंत चालते, ते त्यात असतं.

मळलेलं कापड, फिकट रंग यासाठी भाव कमी करता येतो. ढिल्या बिजागरीसाठी भाव कमी करू नका. ती गाडी विकूच नका. भंगारात द्या, आणि देण्याआधी पट्टे कापून टाका. नाहीतर तीच गाडी रंग लावून दुसऱ्या कुणाच्या अंगणात पोचेल.