घरातील बॅटरी : भरणे, ठेवणे आणि मोडीत घालणे

वाचकहो, संध्याकाळी वीज गेली आणि कोपऱ्यातल्या बॅटरीवर दिवा लागला, की किती बरे वाटते! ट्रॅक्टर चालू करणारी, शाळेतला इन्व्हर्टर चालविणारी ही जड पेटी आता खेडोपाडी आली आहे. पण ती आपण ठेवतो कुठे? एका घरी मी ती देव्हाऱ्याखाली ठेवलेली पाहिली. वर निरांजन तेवते आहे आणि खाली बॅटरी भरते आहे! ‘कोरडी जागा आहे, पोरांचा हात लागत नाही,’ घरधनी म्हणाले. विचार चांगला, पण जागा नेमकी चुकीची. का, ते सांगतो.

शिशाची ही बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली प्रथम तयार केली. तिच्यात शिशाच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात, म्हणजे अॅसिडात, उभ्या असतात. एका घरातून सुमारे २ व्होल्ट मिळतात. अशी सहा घरे जोडली की १२ व्होल्ट. वीज खर्च होते तसे पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट चढते आणि अॅसिड पातळ होते. भरताना हीच क्रिया उलट चालते. बॅटरी भरत आली, की जादा वीज आतल्या पाण्याची फोड करू लागते आणि बुडबुडे येतात. त्यांत हायड्रोजन असतो. हवेत तो शेकडा ४ इतका झाला, तरी एका ठिणगीने पेट घेतो. आणि तो हवेपेक्षा हलका, म्हणजे जाणार वरच, थेट निरांजनाकडे! भडका उडाला तर झाकण फुटते आणि अॅसिड डोळ्यांत जाते. पाणी किती उरले ते काडी ओढून पाहणारेही मला भेटले आहेत. टॉर्च वापरा, बाबांनो. ‘बंद’ बॅटरीही फाजील भरली तर वायू सोडते, हे विसरू नका.

तेव्हा जागा मोकळ्या हवेची, उन्हापासून आणि चुलीपासून दूर अशी हवी. पडवी उत्तम. १०० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण १० अँपिअरने भरावी. घाई करून जास्त प्रवाह देऊ नये. चार्जरच्या तारा आधी जोडा, मग बटण दाबा. काढताना आधी बटण बंद. ट्रॅक्टरची बॅटरी सोडवताना बॉडीला जोडलेली तार आधी काढावी आणि बसवताना शेवटी लावावी, म्हणजे पाना घसरला तरी ठिणगी पडत नाही.

पाणी घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. अॅसिड वरून घालू नका, कारण उडून जाते ते पाणी. शिक्षकांनी मुलांना हायड्रोमीटर जरूर दाखवावा : भरलेल्या बॅटरीत आकडा १.२५ च्या आसपास किंवा थोडा वर. मात्र चष्मा आणि हातमोजे घालूनच. डोळ्यांत थेंब गेला, तर निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. जमिनीवर सांडले, तर खाण्याचा सोडा टाकावा.

सुटीत शाळेची बॅटरी रिकामी ठेवली, तर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, मग ती पुन्हा नीट भरत नाही. पूर्ण भरून, तारा सोडून ठेवावी आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा जुना समज. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला तो लागू नाही.

आता मेलेल्या बॅटरीचे काय? भंगारवाला चार पैसे जास्त देतो, म्हणून आपण ती त्याला देऊन टाकतो. तो कुठेतरी ती फोडतो, अॅसिड ओढ्यात ओततो आणि शिसे उघड्यावर वितळवतो. ती धूळ अंगणात, कपड्यांवर, पोरांच्या हातावर बसते. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि निर्धोक म्हणावे असे त्याचे प्रमाण नाही. सेनेगल देशात डाकार शहराजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत बॅटऱ्यांतले शिसे मातीत मिसळले होते. ते मिळवण्यासाठी बायका माती चाळत. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथे अठरा मुले दगावली. त्या आयांना काय ठाऊक होते, की घरात येते आहे ते विष आहे!

आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपणही ती इतर कचऱ्यात न टाकता अधिकृत ठिकाणीच द्यायची. नवी घेताना दुकानदार बहुधा जुनीचे पैसे वजा करतो. बिलावर तसे लिहून घ्या. नेताना आतले अॅसिड मुळीच ओतून टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा, बूच घट्ट करा आणि पेटी उभीच ठेवून न्या.