भुतानंही दारात विचारावं, ‘येऊ का?’

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना सारखं येणारं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं. आजचा भाग अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. पण उगाच आशा लावून बसू नका, चावट प्रसंग यात एकही नाही. तसा प्रसंग भुताखेतांच्या आणि भविष्यातल्या प्रेमकथांमध्ये का येतो, कसा येतो आणि कधी येऊ नये, यावर बोलायचंय.

सुरुवात एका मेलपासून. आपल्या एका श्रोतीनं वाचनासाठी कथा पाठवली. नाव सांगत नाही, तिनंही टोपणनावच घेतलंय. कथा अशी: सदाशिव पेठेतला एक वाडा पाडून तिथे सात मजली इमारत उभी राहते. वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंना जागा मिळते, फक्त एकाला नाही. तो शंभर वर्षांपूर्वी ऐन तिशीत वारलेला, तबला वाजवणारा एक माणूस. म्हणजे त्याचं भूत. रीडेव्हलपमेंटच्या करारात भुतांची सोय नसते. मग तो तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये मुक्काम ठोकतो. तिथे भाड्यानं राहते एक बत्तीस वर्षांची मुलगी, आयटीमधली, रात्रपाळी करणारी.

मला कथा जाम आवडली. पहिली आठ पानं मी हसत हसत रेकॉर्ड केली. नवव्या पानावर थांबले. तिथे तो रात्री तिच्या अंगात शिरतो. सकाळी तिला काही आठवत नाही, नुसता अंगाला सुगंध येत असतो. लेखिकेनं हा कथेतला सगळ्यात ‘हॉट’ प्रसंग म्हणून लिहिला होता. मला तो वाचता येईना. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही. आजचा भाग म्हणजे त्या ‘का’चं उत्तर शोधण्याचा प्रयत्न.

आधी हा प्रकार काय आहे, ते बघू. साध्या प्रेमकथेत दोन माणसं, एक अडचण आणि शेवटी मीलन. शृंगारिक प्रेमकथेत शरीरसंबंधाचा प्रसंग गोष्टीचा खांब असतो. तो काढला तर गोष्ट पडते, कारण त्या प्रसंगात दोघांमधलं काहीतरी बदलतं. प्रसंग काढूनही गोष्ट तशीच उभी राहत असेल, तर तो प्रसंग म्हणजे नुसती फोडणी. आणि प्रसंग सोडून दुसरं काहीच नसेल, तर ती प्रेमकथा नाही, तो वेगळा माल. आता यात भूत, यक्षिणी, व्हॅम्पायर आले की झाली अद्भुत शृंगारकथा. यंत्रमानव, अंतराळयान, एआय आले की भविष्यातली.

पण साध्या माणसांचं प्रेम असताना भुतं कशाला? कारण प्रेमकथेला अडथळा लागतो. पूर्वी वडिलांचा चष्मा आणि चाळीतल्या खिडक्या पुरायच्या. आता दोघांकडे फोन आहे, स्वतःचा पगार आहे, लोकेशन पाठवलं की अर्ध्या तासात भेट. जातीची आणि घरच्यांची भिंत अजून आहेच, पण ती लिहायला घेतली की कथा बातमीच्या अंगानं जाते. भूत ही भिंत वेगळ्या ठिकाणी बांधतं. एकाला शरीर आहे, दुसऱ्याला नाही. एक म्हातारी होणार, दुसरा कधीच नाही. स्पर्श करायचा कसा, इथूनच गोष्ट सुरू होते. विज्ञानकथेतही तेच. एक जण प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं प्रवास करून परत येतो, तेव्हा पृथ्वीवर राहिलेली त्याच्याहून कितीतरी मोठी झालेली असते. भौतिकशास्त्र झालंच, पण विरहसुद्धा झाला.

आणि आपल्याकडे ही जोडी नवी नाही. आपल्या लोककथांतली बरीचशी भुतं अतृप्त इच्छेतूनच जन्मतात. मुंजा बघा. मुंज झाली, पण लग्नाआधी वारला, म्हणून पिंपळावर बसलेला. २०२४ साली आलेल्या ‘मुंज्या’ या हिंदी सिनेमात तो थेट पुण्यात येतो, आईच्या पार्लरमध्ये काम करणाऱ्या नायकाच्या मानगुटीवर. त्याचं सगळं मागणं एकच: लग्न लावून दे. मुलगी हो म्हणते का, हा प्रश्न त्याला पडतच नाही. त्या सिनेमाला हे कळतं, म्हणून मुंज्या तिथे हीरो नसून संकट आहे. शिवाय तो मूल आहे, त्यामुळे शृंगारकथेचा नायक तो कधीच होऊ शकत नाही. हा नियम सगळीकडे लावा. ‘वय पाचशे वर्षं, पण दिसायला शाळकरी’ असली पात्रं इथे चालणार नाहीत. कथा कल्पित आहे, हे उत्तर मला पुरत नाही.

भुताचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. भूत सबब देतं. ‘मी नव्हे, माझ्या अंगात आलं होतं.’ ज्या घरात बाईनं स्वतःची इच्छा बोलून दाखवणं म्हणजे निर्लज्जपणा, तिथे ही सबब फार सोयीची. इच्छाही पूर्ण, चारित्र्यही शाबूत. भविष्यातल्या कथेत हेच काम चिप करते, औषध करतं, प्रोग्रॅम करतो. लिहिणारीला मोकळं वाटतं, वाचणारीलाही. मी या सबबीला नावं ठेवणार नाही. दार समोरून उघडत नसेल तर माणूस खिडकीतून येणारच.

पण हीच सबब उलटी फिरवून बघा. ‘तिला काही आठवत नाही.’ ‘ती तिच्या ताब्यात नव्हती.’ भूत काढून तिथे थंड पेयातली गोळी ठेवा. आता वाचा नववं पान. अंगावर काटा आला ना? मला माइकसमोर तेच झालं होतं, फक्त शब्द सापडत नव्हते. सुगंध आणि तबला यांनी झाकलेला तो प्रसंग संमतीशिवायचा होता.

मग लेखिका हे स्पष्ट का लिहीत नाही, इच्छा सरळ का बोलत नाही? एक अडचण भाषेची. मराठीत शरीराबद्दल लिहायला बसा. एका हाताला डॉक्टरांची आणि पाठ्यपुस्तकाची संस्कृत, दुसऱ्या हाताला शिव्या. मधे प्रेमानं उच्चारता येतील असे शब्द चिमूटभर. म्हणून बऱ्याच जणी ऐन प्रसंगात इंग्रजीत शिरतात. पण मराठी मुळातच सोवळी आहे, हे काही खरं नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या भाषेच्या पणजीची. सुमारे सातशे गाथा, आणि त्यातल्या कितीतरी बाईच्या तोंडच्या, इच्छेबद्दल बिनधास्त बोलणाऱ्या. स. आ. जोगळेकरांनी ती १९५६ साली मराठी वाचकांपुढे आणली. नंतर रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या. तिथे शृंगार अवयवांची नावं घेत बसत नाही. तो पैंजण, विडा, पदर, रात्र यांतून बोलतो आणि सगळ्यांना सगळं समजतं. तबलजीच्या भुतासाठी याहून चांगली शब्दपेटी कुठे मिळणार?

दुसरी अडचण भीतीची. ‘ताई, असलं वाचलं तर पोलीस येतील का?’ हा मेल मला दर महिन्याला येतो. त्यासाठी पुण्यातलाच एक खटला सांगते. १९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यातल्या तीन स्त्रिया, अशी गोष्ट. एका वाचकाला ती अश्लील वाटली आणि प्रकरण पुण्याच्या कोर्टात गेलं. मॅजिस्ट्रेटनं सोडून दिलं. पण मुंबई उच्च न्यायालयानं दोषी धरलं आणि पंचवीस रुपये दंड केला. रक्कम छोटी, शिक्का मोठा. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली सुटले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: कथा पूर्ण वाचा, सुट्टं वाक्य उचलून निकाल देऊ नका, समाजाच्या कल्पना काळानुसार बदलतात, आणि साहित्याचं माप फक्त कोवळ्या वयाच्या वाचकावरून ठरवता येत नाही. गंमत बघा, त्याच १९६९ साली त्याच काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा आला आणि लोकांनी सहकुटुंब पाहिला.

आज कायदा कुठे आहे? जुन्या दंडविधानातलं २९२ कलम गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक मजकूरही धरलाय. फोनवर, नेटवर टाकायचं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७ अ ही कलमं लागू शकतात. साहित्य, कला, विज्ञान यांसाठी सूट दोन्हीकडे आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १८६८ सालची जुनी ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवून, आजच्या समाजाच्या मापानं बघायचं ठरवलं. पण सूट आहे म्हणजे खटला होणारच नाही, असं नाही. काकोडकरांना सुटायला वर्षं लागली. म्हणून मी वकील नाही, हे लक्षात ठेवा आणि टोपणनाव वापरायला लाजू नका.

टोपणनावाची आपल्याकडे थोर परंपरा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या माणसाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ते होते डॉ. जयंत नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली होती. पुढे त्यांनी पुण्यात आयुका उभी केली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांना कथेवर निकाल हवा होता, नावावर नको होता. शृंगारकथा लिहिणारीलाही तेवढंच हवं असतं.

आता भविष्याकडे येऊ, कारण ते येऊन ठेपलंय. रेप्लिका नावाचं एक ॲप आहे, गप्पा मारणाऱ्या एआय जोडीदाराचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं त्यातल्या शृंगारिक गप्पा बंद केल्या. जोडीदार एका रात्रीत परका झाला, म्हणून लोक अक्षरशः रडले. पुढे जुन्या ग्राहकांना ती सोय परत दिली. ही विज्ञानकथा नाही, घडलेली गोष्ट आहे. पण कथेचा प्रश्न यात आयता आहे: जो नाही म्हणूच शकत नाही, त्याच्या ‘हो’ला काय किंमत? आणि ज्याचं मन कंपनी बदलू शकते, त्याच्यावर जीव लावायचा कसा? चिप, रोबो, एआय घेऊन लिहिणार असाल तर या प्रश्नाला वळसा घालू नका.

लिहिणाऱ्यांनो, मी कथा वाचायला घेताना चार गोष्टी बघते. पात्रं सज्ञान आहेत का. जादू किंवा यंत्र काढून टाकलं तरी दोघांना एकमेकांची ओढ आहे का. नाही म्हणायची वाट दोघांनाही मोकळी आहे का. आणि त्या रात्रीनंतर सकाळी दोघांपैकी कोणीतरी बदललंय का. शेवटचं आवाजासाठी: इअरफोनमधला आवाज थेट कानात बोलतो, त्यामुळे कागदावर सौम्य वाटणारं वाक्य ऐकताना दुप्पट जवळचं होतं. लिहिलेलं स्वतः मोठ्यानं वाचून बघा. घरात कोणी नसताना वाचा, एवढंच.

तर नववं पान. मी श्रोतीला फोन केला आणि गोळीचं उदाहरण दिलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, मला ती हवीहवीशी वाटायला हवी होती. पण तिनं स्वतः हवं म्हटलं, तर लोक तिला काय म्हणतील, म्हणून मी तिला झोपवलं.’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. पात्राची बदनामी होऊ नये म्हणून आपण पात्राची शुद्धच काढून घेतो.

दहा दिवसांनी नवीन पान आलं. रात्रपाळी संपवून ती पहाटे घरी येते, चहा टाकते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर हवा थोडी गार होते. भिंतीतून आरपार जाऊ शकणारा तो माणूस दारात थांबतो आणि विचारतो, ‘येऊ का?’ ती लगेच उत्तर देत नाही. गॅस बारीक करते, दुसरा कप काढते, आणि मग म्हणते, ‘ये.’

याहून शृंगारिक ओळ मी या वर्षी वाचलेली नाही. पुढचा प्रसंगही आहे, चांगला लांब आहे, आणि मी तो पूर्ण रेकॉर्ड केलाय. पुढच्या शुक्रवारी ऐका. इअरफोन लावून.